काटा खरा, पण तबकडी कोणाची?

(सोलापूर येथील जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



आज आम्ही कर्जावर बोलणार नाही. भावावर बोललो तरी थोडेच. आज काट्यावर बोलायचे आहे. अडतीतल्या काट्यावर नव्हे. संगणकाच्या पडद्यावर अर्धगोल तबकडी दिसते, तिच्यावर लाल, पिवळा, हिरवा असे पट्टे असतात आणि एक काटा हलत असतो, त्या काट्यावर.

तुम्ही म्हणाल, आमचा आणि त्याचा काय संबंध? आम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले. आमचा काटा वजनाचा. पण बंधूंनो, गेल्या काही वर्षांत आपल्या रानात किती पाऊस पडला, पीक किती बुडाले, विमा मिळणार की नाही, हे रानात येऊन ठरवणारी माणसे कमी झाली आणि पडद्यावर बघून ठरवणारी वाढली. आढावा बैठकीत आता फायलीचा गठ्ठा उघडत नाहीत. भिंतीवर पडदा लावतात आणि त्यावर सात-आठ तबकड्या दाखवतात. काटा हिरव्यात असला की पुढचा विषय. काटा लालमध्ये असला की चर्चा. म्हणजे आपली दाद लागायची की नाही हे त्या काट्यावर आले. मग तो काटा कसा तयार होतो हे आपल्याला कळायला नको?

या पडद्याला डॅशबोर्ड म्हणतात. शब्द गाडीवरूनच घेतला आहे. ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर डिझेलचा काटा असतो, इंजिन किती तापले त्याचा काटा असतो. फवारणीच्या पंपावर दाबाचा काटा असतो. तो एका नजरेत कळतो. वाचायला शिकलेला नसेल तो गडीसुद्धा सांगतो, मालक, काटा खाली आलाय, डिझेल भरा. संगणकवाल्यांनी हीच सोय उचलली. त्यांच्या भाषेत तिला गेज चार्ट म्हणतात.

पण ट्रॅक्टरच्या काट्यात आणि पडद्यावरच्या काट्यात एक फरक आहे. ट्रॅक्टरची टाकी लोखंडाची आहे. ती रिकामी कधी आणि भरलेली कधी, हे टाकीच ठरवते. पडद्यावरच्या तबकडीला टाकी नाही. रिकामे कशाला म्हणायचे आणि भरलेले कशाला म्हणायचे, हे खुर्चीवर बसलेला माणूस ठरवतो. आज एवढी एकच गोष्ट सांगायची आहे.

आमचीच तबकडी आमच्यावर उलटली

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो, म्हणजे कोणाला वाटायला नको की आम्ही शहाणपण शिकवायला आलो.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलेले. आकडे दिसले की मांडून बघायची खोड आहे. कृषी खात्याच्या संकेतस्थळावर महसूल मंडळवार पावसाचे आकडे मिळतात. आम्ही ठरवले, आपणही तबकड्या करू. प्रत्येक मंडळाची एक. आजवर पडायला हवा होता तो पाऊस शंभर टक्के धरायचा आणि पडलेला पाऊस काट्याने दाखवायचा. पन्नास टक्क्यांच्या आत लाल, पंचाहत्तरपर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. दोन रात्री जागून काम केले. दिसायला फार छान झाले. व्हॉट्सॲपवर गावोगाव पाठवून दिले.

ऑगस्टच्या शेवटी बार्शीकडच्या एका गावात बैठक होती. आम्ही पडदा लावला. त्या मंडळाचा काटा ९६ टक्क्यांवर होता, चांगला हिरवागार. मागे बसलेली एक म्हातारी उठली. म्हणाली, "सायेब, ते हिरवं तुमच्या पडद्यावर हाय. माझ्या रानात न्हाई. अडतीस दिस झालं, थेंब न्हाई. कापसाची पाती गळून सरीत पडल्याती."

आम्ही आकडे पुन्हा उघडले. म्हातारीचे खरे होते. मंडळात तोवर २८८ मिलिमीटर पाऊस झाला होता, पण त्यातला बहुतेक जून-जुलैच्या तीन रात्रींत कोसळला होता. ढेकळे वाहिली, बांध फुटले, पाणी ओढ्याने गेले. पुढे अडतीस दिवस कोरडे. बेरीज ९६ टक्के, पीक वाळलेले. आमचा काटा खोटा नव्हता. आकडा बरोबर होता, भागाकार बरोबर होता. आम्ही विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. किती पडला हे विचारले. कधी पडला आणि किती मुरला हे विचारलेच नाही.

पुढचे ऐका. महिन्याभराने त्याच भागातले शेतकरी निवेदन घेऊन एका कचेरीत गेले. तिथे त्यांना कोणीतरी मोबाईल उघडून आमचीच तबकडी दाखवली. "तुमच्याच लोकांनी काढली आहे. मंडळ हिरवे आहे. मग दुष्काळ कसला मागता?" निवेदन घेऊन ठेवले आणि चहा पाजून परत पाठवले. त्या गावात आम्हाला तोंड दाखवायला जड गेले. ती म्हातारी मात्र काही बोलली नाही. ती एवढेच म्हणाली, "पुढच्या टायमाला आधी रानात या."

तेव्हापासून आम्ही या काट्यांच्या मागे लागलो. जे समजले ते सांगतो.

तबकडी बनते कशी?

पोते काट्यावर ठेवण्याआधी आपण काय बघतो? काटा शून्यावर आहे का ते बघतो. व्यापारी ओळखीचा असला तरी बघतो. मापात पाप असते हे आपल्याला बापजाद्यांनी शिकवले आहे. संगणकाच्या तबकडीचेही हेच आहे. तिच्यात आकडा एकच असतो, पण तो आकडा बसवायच्या आधी तीन गोष्टी कोणीतरी भरलेल्या असतात. सुरुवात कुठे, शेवट कुठे आणि कुठला रंग कुठून कुठपर्यंत.

गुगल शीट्समध्ये गेज चार्ट निवडला की सुरुवात, शेवट आणि रंगांचे पट्टे आपण भरू शकतो. एक्सेलमध्ये तयार गेज चार्ट नाही. तिथे पोकळ चक्र काढतात आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंग काढून लपवतात. म्हणजे आपल्याला अर्धी तबकडी दिसते, उरलेली अर्धी असतेच, फक्त झाकलेली. मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय नावाचे सॉफ्टवेअर आहे, ते कंपन्यांत आणि कचेऱ्यांत वापरतात. त्यातली गंमत बघा. त्यात आपण शेवट भरला नाही, तर ते सॉफ्टवेअर आकड्याच्या दुप्पट शेवट धरते आणि सुरुवात शून्य धरते. मग काय होईल? आकडा ५ टाका, पट्टी अर्ध्यावर. ५०० टाका, पट्टी अर्ध्यावर. एकरी दोन क्विंटल कापूस झाला तरी अर्धी तबकडी भरलेली आणि बारा क्विंटल झाला तरी अर्धीच भरलेली. करणाऱ्याने आळस केला तर बघणाऱ्याला वाटते, सगळे मध्यम चालले आहे!

यात लबाडी असेलच असे नाही. आम्ही लबाडी केली नव्हती, तरी म्हातारीला खोटे पाडले. म्हणून काट्यावर रागावून उपयोग नाही. तबकडी वाचता आली पाहिजे.

उजनीचे उणे साठ

आता आपल्या जिल्ह्यातली सर्वांना माहीत असलेली तबकडी घेऊ. उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न काय असतो? उजनी किती? आणि उत्तर येते, उणे वीस, उणे चाळीस. २०२४ च्या जूनमध्ये उजनी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येते. धरणात पाणी शून्यापेक्षा कमी कसे असेल?

हिशेब मांडून बघू. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. त्यातले ६३.६६ टीएमसी हा मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी हा उपयुक्त साठा. टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्यावर. म्हणजे तबकडीचे शून्य धरणाच्या तळाला नाही. ६३.६६ टीएमसी पाणी शिल्लक असते तिथे शून्य लावले आहे. उणे ६० टक्के म्हणजे त्या शून्याच्या खाली सुमारे ३२ टीएमसी. म्हणजे धरणात तेव्हाही साडेएकतीस टीएमसी पाणी होते.

आता तेच पाणी दुसऱ्या तबकडीवर बसवा. शून्य तळाला आणि शंभर एकूण साठ्याला. काटा कुठे जाईल? २७ टक्क्यांवर. पाणी तेच, दिवस तोच, धरण तेच. एका तबकडीवर उणे ६०, दुसरीवर २७. पहिली बघितली की पोटात गोळा येतो. दुसरी बघितली की वाटते, अजून चतुर्थांश धरण आहे, कशाला ओरडता?

यातली खरी कोणती? दोन्ही खऱ्या. ज्याला कालव्याने पाणी हवे त्याच्या दृष्टीने पहिली उपयोगाची. पिण्यासाठी मृतसाठ्यातूनही पाणी घ्यावे लागते, त्याला तळापर्यंत किती आहे हे दुसरी सांगते. म्हणून तबकडी दिसली की पहिला प्रश्न विचारायचा: शून्य कुठे लावले आहे आणि ते कोणाच्या गरजेसाठी?

दुसरी गोष्ट. जूनमध्ये उणे साठ असलेली उजनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शंभर टक्के भरली. काटा फक्त आजचे सांगतो. काल कुठे होता, किती वेगाने चढला, मागच्या वर्षी याच दिवशी कुठे होता, यातले काही सांगत नाही. त्यासाठी आठवड्याआठवड्याचे ठिपके जोडून रेघ काढावी लागते. आमच्या बार्शीकडच्या मंडळाची अशी रेघ काढली असती, तर तीन उंच टेकड्या आणि मग अडतीस दिवसांचे सपाट माळरान लगेच दिसले असते. काट्याने ते लपवले.

हिरवा कुठून सुरू होतो?

आता रंगाकडे या. हवामान खात्याच्या वर्गवारीत सरासरीच्या १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त पाऊस म्हणजे सर्वसाधारण. नकाशात त्याचा रंग हिरवा. २० ते ५९ टक्के कमी म्हणजे तूट, रंग लाल. ६० टक्क्यांहून जास्त तूट असेल तर रंग पिवळा. म्हणजे आपण लाल सर्वांत वाईट समजतो, तिथे पिवळा त्याहून वाईट आहे. रंगाचा अर्थ खाली छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय रंग बघू नये.

समजा, एखाद्या ठिकाणची सरासरी ५०० मिलिमीटर आहे. ४०५ पडला तर हिरवा. ४०० पडला तर लाल. पाच मिलिमीटरने पीक येते किंवा जाते का? आणि पाच-सव्वापाचशेच्या मुलखात शंभर मिलिमीटरची तूट आणि कोकणात अडीच हजारांच्या मुलखात पाचशेची तूट, दोन्ही वीसच टक्के. तिथे भाताला पाणी उरेल. आपल्याकडे ते शंभर मिलिमीटर म्हणजे ज्वारीचे कणीस भरण्याचे पाणी आहे. एकच टक्केवारी सगळ्या मुलखांना लावली की असे होते.

ही तबकडी जुनीच आहे

तुम्हाला वाटेल, हे सगळे संगणकाने आणले. तसे नाही. संगणक नव्हता तेव्हाही तबकडी होती. तिचे नाव आणेवारी. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. १९५७ साली दशमान नाणी आली, पुढे आण्याची पैसेवारी झाली. तबकडी तीच राहिली.

१९१८ साली गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात सत्याग्रह झाला. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल त्यात उतरले. वाद कशाचा होता? पीक चार आण्यांच्या आत असेल तर साऱ्याची वसुली तहकूब करायची, असा नियम होता. शेतकरी म्हणत होते, पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अधिकारी म्हणत होते, वर आहे. म्हणजे लढा काट्याचा होता! शेवटी ज्यांना भरता येईल त्यांनी भरावे आणि गरिबांची वसुली तहकूब, असा तोडगा निघाला. ज्यांनी तो लढा दिला त्यांनी गावोगाव हिंडून पिकाची पाहणी केली होती. नुसते ओरडून भागले नसते.

आपल्याकडे लाल पट्टा ५० पैशांच्या आत सुरू होतो. आत आले की महसुलात सूट, वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या बिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ. ५१ आले की काही नाही. आणि ही पैसेवारी निघते कशी? या वर्षीचे उत्पन्न भागिले प्रमाण उत्पन्न. वरच्या आकड्यावर आपण भांडतो, कापणी प्रयोगाच्या वेळी उभे राहतो, ते बरोबरच आहे. पण खालचा आकडा, ते प्रमाण उत्पन्न, किती धरले आणि कसे धरले, हे कोणी विचारत नाही. तबकडीचा शेवट तिथे ठरलेला असतो.

मोजले कुठे, हेही तितकेच महत्त्वाचे. २०२३ चे उदाहरण घ्या. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्या जिल्ह्यातले बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस आणि सांगोला हे पाच तालुके त्यात होते. बाकीचे तालुके काय सुकाळात होते? ओरड झाली. मग तालुक्याऐवजी महसूल मंडळ धरले. ज्या मंडळात पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या आत आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत होता, तिथे दुष्काळसदृश स्थिती जाहीर केली. राज्यात आणखी हजाराच्या आसपास मंडळे आत आली. एक थेंब कमी-जास्त पडला नव्हता. मोजण्याचा पट्टा लहान केला आणि कसोटी बदलली, एवढेच. जे तालुक्याच्या बेरजेत बुडाले होते ते मंडळाच्या हिशेबात वर आले. आपल्यातल्या ज्यांनी तेव्हा मंडळवार आकडे लिहून निवेदने दिली, त्यांचे श्रम वाया गेले नाहीत.

विम्याची तबकडी

पीक विम्याचा काटा सर्वांत अवघड, म्हणून तो सावकाश घेऊ. २०१६ साली आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत उंबरठा उत्पादन नावाची गोष्ट आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे. आपल्या राज्यात जोखीमस्तर ७० टक्के धरला गेला.

समजा, एका मंडळात कापसाचे एकरी उत्पादन सात वर्षांत ६, ६, ५, ४, ४, ३ आणि २ क्विंटल असे झाले. चांगली पाच वर्षे ६, ६, ५, ४, ४. सरासरी ५ क्विंटल. त्याचे ७० टक्के म्हणजे साडेतीन. तबकडीवर हिरवा पट्टा साडेतीनपासून सुरू होतो. या वर्षी साडेतीन क्विंटलच कापूस झाला, तर दीड क्विंटलचे नुकसान झाले, पण काटा हिरव्यात. भरपाई शून्य. या वर्षी २.८ क्विंटल झाला, तर पाचाच्या मानाने नुकसान ४४ टक्के. भरपाई मात्र साडेतीनाच्या मानाने, म्हणजे विमा रकमेच्या २० टक्के.

आणि ओळीने चार-पाच वर्षे वाईट गेली तर? चांगली पाच वर्षे निवडायला चांगली वर्षेच उरत नाहीत. सरासरी खाली येते, उंबरठा खाली येतो. ज्याचे रान सतत दुष्काळात, त्याची तबकडी सर्वांत लवकर हिरवी होते. विम्याचा अर्ज भरताना नुसता हप्ता विचारू नका. आपल्या मंडळाचा, आपल्या पिकाचा उंबरठा किती, ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. हंगाम संपल्यावर विचारून उपयोग नाही.

भावाचे एका वाक्यात सांगतो. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा ७७१० रुपये जाहीर झाला. उत्पादन खर्च अनुक्रमे २४६६ आणि ५१४० धरून बरोबर दीडपट. काटा दीडशे टक्क्यांवर, हिरवा. पण त्या खर्चात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरलेले नाही. भागाकारातला खालचा आकडा लहान केला की काटा वर चढतोच.

मग आपण काय करायचे?

काही कार्यकर्ते म्हणाले, या तबकड्यांचा नादच सोडा. आम्हाला ते पटत नाही. समोरचा आकडे घेऊन बसला असेल तर आपण मुठी आवळून जाण्यात काय अर्थ आहे? आपण आपले आकडे घेऊन जाऊ. पण आपली तबकडी रानातून निघाली पाहिजे.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन १९३३ पासून चालू आहे. मोहोळच्या केंद्रात मालदांडी ३५-१ निवडली गेली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले. या सगळ्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध झाली आहे: रब्बी ज्वारी आभाळातल्या पाण्यावर येत नाही, जमिनीतल्या ओलीवर येते. मीटरभर खोल भारी काळ्या रानात पिकाला मिळेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी साठते. वीत-दीड वीत मातीच्या बरड रानात त्याचा चौथा हिस्सासुद्धा साठत नाही. म्हणजे रान हीच आपली टाकी आहे, आणि प्रत्येकाची टाकी वेगळी. ट्रॅक्टरच्या काट्यासारखा खरा काटा काढायचा असेल तर तो या टाकीवर काढला पाहिजे. आपले आजे पेरणीआधी काय करत? कुदळीने खड्डा घेऊन बघत, ओल वीतभर गेली की हातभर. तो गेजच होता. त्याला शून्य होते, शेवट होता, आणि तो रानातच बसवलेला होता.

म्हणून आम्ही पुढच्या हंगामासाठी तीन कामे सुचवतो.

पहिले काम. प्रत्येक गावात निदान दोन ठिकाणी पाऊस मोजायचा. महागडे यंत्र नको. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट तळाचा डबा मोकळ्या जागी ठेवा आणि सकाळी पट्टीने पाण्याची उंची मोजा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर. तारीख घालून वहीत लिहा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहा. ते शून्य सर्वांत मोलाचे, कारण खंड किती दिवसांचा पडला हे त्यातूनच सिद्ध होते.

दुसरे काम. दर पंधरा दिवसांनी तीन रानांत खड्डा घ्यायचा, एक भारी, एक मध्यम, एक हलके. ओल किती खोल आहे ते बोट, वीत, हात, कशातही मोजा, पण दर वेळी त्याच मापाने. ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत होते. त्याआधीचा आकडा लिहिलेला असेल, तर कोणते रान पेरायचे आणि कोणत्या रानावर बियाणे वाया घालवायचे नाही, हेही कळेल. म्हणजे ही वही निवेदनासाठीच नाही, पेरणीसाठीही आहे. आणि ओल टिकवायला एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, हे जुने गणित विसरू नका.

तिसरे काम. चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर हे रंगवा. गोल तबकडीचा आग्रह नको. गोल तबकड्यांना जागा फार लागते आणि दोन गावांची तुलना नीट होत नाही. अमेरिकेतल्या स्टीफन फ्यू यांनी याच कारणासाठी गोल काट्याऐवजी सरळ पट्टी सुचवली. पट्टी किती भरली ते दिसते आणि लक्ष्य कुठे आहे त्याची आडवी खूण. अशा दहा गावांच्या दहा पट्ट्या एकाखाली एक मावतात. गेरू आणि चुना पुरेसा आहे. ज्यांच्या घरात संगणक शिकलेली पोरे-पोरी आहेत त्यांनी तेच आकडे गुगल शीट्समध्ये भरावेत. पण प्रत्येक चित्राखाली चार ओळी लिहिल्याशिवाय ते बाहेर जाऊ देऊ नका: शून्य कशाला धरले, शंभर कशाला धरले, रंगांच्या सीमा कोणी ठरवल्या, आणि कुठे व कोणत्या तारखेला मोजले.

हेच चार प्रश्न दुसऱ्याच्या तबकडीला विचारा. बैठकीत पडदा लागला की हात वर करा आणि शांतपणे विचारा. "साहेब, यात शंभर म्हणजे किती क्विंटल?" एवढा एक प्रश्न पुरतो. उत्तर आले तर वहीत लिहून घ्या. नाही आले तर तेही लिहून घ्या, आणि लेखी मागा.

मायबहिणींनो, वही कोणी लिहायची याचा आग्रह आम्ही तुमच्याकडे धरतो. रोज सकाळी न चुकता होणारी कामे घराघरात कोणाच्या हातून होतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि आमची चूक पहिल्यांदा ओळखली ती एका म्हातारीनेच.

तिच्या गावात आम्ही पुन्हा गेलो. आधी रानात गेलो. तिने कापसाच्या दोन ओळींमध्ये कुदळ मारायला लावली. चार बोटांखाली माती कोरडी आणि दगडासारखी. आम्ही वहीत लिहिले: ओल नाही. तारीख घातली. तिने विचारले, "आता हे हिरवं का लाल?" आम्ही म्हणालो, "मावशी, ते आता तुम्ही सांगायचं."

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही आणावी. भाषणे नंतर होतील, आधी वह्या वाचू.